धुतलेलं इंजिन

“पाइप कुणी मारला, एवढंच विचारतेय मी. बाकीचं पुराण नकोय मला.”

“मी मारला, आई. तिसऱ्यांदा सांगतोय. आता काय, कान धरून उभा राहू?”

“कशावर मारलास?”

“इंजिनावर. धुळीनं माखलं होतं नुसतं. माणूस गाडी बघायला येणार, तर जरा चकचकीत नको दिसायला?”

“चकचकीत! ऐक तुझं चकचकीत कसं उचक्या देतंय ते.”

अंगणात बॉनेट वर करून उभी असलेली गाडी खरोखरच उचक्या देत होती. तीन ठोके सरळ पडत आणि चौथा गिळला जाई. पुन्हा तीन, पुन्हा एक गिळलेला. प्रत्येक गिळलेल्या ठोक्याला आरसे थरथरत, नंबराची पाटी खुळखुळे आणि स्टिअरिंगपुढचा इंजिनाचा पिवळा दिवा डोळे मिचकावत राही. अंगणभर साबणाच्या फेसाचे डाग पडले होते आणि त्यांच्या मधोमध भाड्यानं आणलेला पाण्याचा पंप निर्लज्जासारखा पडला होता.

मुलाचे वडील, नाना, पायरीवर बसून होते. आई-लेकाच्या भांडणात ते कधी पडत नसत. एकतीस वर्षं कचेरीच्या दप्तरखान्यात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की फाइल आपल्या टेबलावर येईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. पण ही फाइल केव्हाच त्यांच्या टेबलावर आली होती. गाडीचे कागद नानांच्या नावावर होते. घेतली तेव्हा पगारदार माणसाची सही लागत होती, म्हणून त्यांनी केली होती. आता ती विकायलाही त्यांचीच सही लागणार होती. आतल्या टेबलावर मुलानं फॉर्म काढून ठेवला होता आणि उडू नये म्हणून त्यावर बाळाची दुधाची बाटली ठेवली होती. पाच वाजता कोपऱ्यावरचे औषधवाले गाडी बघायला येणार होते. पसंत पडली की नानांनी सही करायची, असं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे मुलानं ठरवलं होतं आणि नानांनी मान हलवली होती. काल रात्रीच्या जेवणात मुलानं ते आईला सांगितलं, “आम्ही ठरवलंय.” त्यावर आईनं, म्हणजे बाईंनी, मुलाकडे नाही, नानांकडे बघितलं. “आम्ही म्हणजे कोण?” असं विचारलं. नानांनी भाजी वाढून घेतली. बाई म्हणाल्या, “परवा माझ्या तिघांची परीक्षा आहे. ती होऊ दे, मग बोलू.” आणि मुलगा ‘मग’ची वाट न बघता पंप घेऊन आला.

बाई लोकांना गाडी चालवायला शिकवत, आणि गावात त्यांना ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच होता. शिकणारा माणूस गडबडला की बाईंचा पाय त्यावर असा पडे, की गाडीतल्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा कळत नसे. तेवीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नव्हता. नव्हता म्हणजे एक होता, पण तो गाडी उभी असताना कुणाच्या तरी सायकलनं काढलेला, आणि बाई तो प्रत्येकाला मुद्दाम दाखवत.

खरं तर गाडी शिकायला निघाले होते ते नाना. तेव्हा बाई बत्तीस वर्षांच्या होत्या, घरी शिवणकाम करत. नाना एकट्यानं जायला घाबरत, म्हणून त्या सोबत जात आणि मागच्या सीटवर बसून काजे-बटणं करत. नाना परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी गाडी परीक्षकाच्याच कचेरीच्या पायरीवर चढवली आणि दोन कुंड्या फोडल्या. परत येताना तो म्हातारा शिक्षक म्हणाला, “साहेब, तुम्ही जरा मागं बसा. मागं बसलेल्या बाई मघापासून तुमच्या आधी पाय दाबतायत, मी आरशात बघतोय.” बाई पुढं बसल्या आणि महिन्याभरात पहिल्या झटक्याला पास झाल्या. पुढं त्याच शिक्षकाकडे शिकवू लागल्या, आणि त्यानं धंदा बंद केला तेव्हा स्वतःची गाडी घेतली.

ही गोष्ट नाना कुणालाही सांगत. ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सांगत. कुंड्या मात्र कधी दोनाच्या तीन होत, कधी पाच.

शिकून गेलेल्यांची वहीही नानाच ठेवत. अनुक्रमांक, नाव, तारीख, कितव्या खेपेला पास. शेवटचा अनुक्रमांक होता एक हजार तीनशे शहाऐंशी. त्यात रुग्णवाहिका चालवणारे दोघे होते, बस चालवणारी एक होती, एक मुख्याध्यापिका होती आणि पासष्टाव्या वर्षी शिकून एकटी बहिणीला भेटायला जाणारी एक आजी होती. उद्याच्या तिघांत एक रात्रपाळीची नर्स होती. ती दुसरीकडे दोनदा नापास होऊन रडत बाईंकडे आली होती.

आणि असं असूनही नानांनी मान हलवली होती. का, ते त्यांनी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. मुलाला म्हणाले होते, “तिची पाठ दुखते रे.” पाठ दुखायची, ते खोटं नव्हतं. पण निवृत्त झाल्यापासून नाना दुपारी बारा वाजता एकटेच झाकलेलं ताट उघडत, आणि बाई अडीचला येऊन ओट्याशी उभ्यानंच चार घास खाऊन पुन्हा बाहेर पडत. माणूस दोन वर्षं घरी बसला की त्याला वाटू लागतं, सगळ्या जगानं घरी बसावं. पाठीच्या दुखण्याआड हे नीट झाकून गेलं होतं.

“धुतल्यावर लगेच चालू केलीस?” बाई विचारत होत्या.

“हो. गरम झालं की सुकेल, म्हणून.”

“बॅटरी झाकली होतीस?”

“झाकली ना! पिशवी बांधून, वर रबर लावून.” मुलाला जरा बळ आलं. “व्हिडिओत दाखवतात तसंच केलंय सगळं.”

“आणि कॉइल?”

“कॉइल म्हणजे?”

बाईंनी एकदा आकाशाकडे बघितलं आणि बाह्या दुमडल्या.

तेवढ्यात सूनबाई बाळाला झोपवून बाहेर आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कुठलीही गोष्ट नळीत घालून उजेडात धरल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग पंपाकडे, मग हळूच सासूला म्हणाली, “आई, काय झालंय नक्की?”

“चार सिलिंडर आहेत,” बाई म्हणाल्या. शिकवायचा सूर त्यांना राग आला असतानाही लागे. “प्रत्येकाला एक प्लग, तो ठिणगी देतो. हे प्लग असे खोल विहिरीत बसलेले असतात. विहिरीच्या तोंडावर बूच लावावं तशी ही काळी कॉइल. हळू ओल्या फडक्यानं पुसलं तर काही होत नाही. पण ह्या शहाण्यानं पिचकारी मारलीय. बुचाच्या कडेनं पाणी आत गेलंय आणि तळाशी बसलंय. ठिणगी पडायच्या आधीच पाण्यात पळून जाते.”

“चारही विहिरींत?”

“ते आता तीच सांगेल. तोंडं बंद, कान उघडे.”

हे वाक्य नाना तेवीस वर्षं खिडकीतून ऐकत आले होते. बाईंचा पहिला तास कधीच रस्त्यावर होत नसे. नवा माणूस आला की बाई बॉनेट उघडत, गाडी चालू करत आणि त्याला डोळे मिटून उभं करत. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. “गाडी आधी कानानं शिका. पाय काय, नंतरही शिकतात.” लोक हसत, पैसे वाया गेले असं म्हणत, आणि मग कधीतरी एका भर उन्हाच्या दुपारी फोन करून सांगत, की बाई, आवाज बदलला म्हणून गाडी बाजूला घेतली, नाहीतर आज काही खरं नव्हतं. बाईंच्याच तासाच्या जोरावर खिडकीतल्या नानांचाही कान तयार झाला होता. गाडी चालवता येत नसली तरी तिचं बरं-वाईट त्यांना कळे.

बाईंनी हात कोरडे केले आणि पहिल्या कॉइलच्या तारेच्या टोकाचा जोड, कपलर, दाबून उपसला. गाडी एकदम वाकली, आता बंद पडते की काय अशी धडधडली. कपलर परत बसवला, तशी मघाच्या जागी आली.

“हा जिवंत.”

दुसरा काढला. पुन्हा तीच धडधड.

“हाही जिवंत.”

तिसरा काढला. काहीच झालं नाही. तीन ठोके आणि एक गिळलेला, जसं होतं तसंच. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“हा मेलेला,” बाई म्हणाल्या. “मेलेल्याला आणखी काय मारणार!” चौथाही काढून बघितला, तो जिवंत निघाला. मग त्यांनी चावी फिरवली. एवढा वेळ कानात बसलेला खडखडाट थांबला आणि शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू आला.

इंजिन जरा निवल्यावर मुलगा टूलबॉक्स घेऊन पुढं आला. आपण केलेलं आपणच निस्तरावं असं त्याला मनापासून वाटत होतं. माणूस वाईट नव्हता. विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांना अपघाताची भीती घालून घालून ती त्याच्याच अंगात भिनली होती, आणि आईचं वय वाढताना दिसलं की ती उसळून वर येई. त्यानं कॉइल उपसली आणि लांब पाना सरळ विहिरीत घातला.

बाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

“आता काय?”

“प्लग उघडलास की ते पाणी जाईल कुठं? सरळ सिलिंडरात! आधी पाणी काढायचं, मग प्लगाला हात.”

“मग पाणी काढायचं कसं? विहीर बोटभर रुंद नाही.”

“आणते,” म्हणत सूनबाई आत पळाली आणि बाळाच्या औषधाची सिरिंज आणि एक बारीक लवचिक नळी घेऊन आली. नळी सिरिंजला जोडून तिनं ती विहिरीत सोडली, दांडा हळूच ओढला आणि सिरिंज उजेडात धरली. “पाणी आहे. आणि साबण.” आपण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सासूच्या उपयोगी पडलो, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. सात वेळा सिरिंज भरली. मग बाईंनी विणायच्या सुईला सुती चिंधी गुंडाळून तळ कोरडा केला, प्लग काढला, पुसला, फुंकला, परत बसवला. उरलेल्या तिन्ही कॉइलही काढायला लावल्या. “आज नाही तर उद्या तिथलीही ओल वर येईल. परीक्षेच्या मैदानात यायला नको.” न्हाणीघरातून वायर ओढून केस वाळवायचं यंत्र आलं आणि मुलगा त्याच्यापुढं एकेक कॉइल धरून बसला.

“आई, उद्या ते तिघं दुसऱ्या शाळेच्या गाडीवरसुद्धा परीक्षा देऊ शकतात,” तो खाली मान घालून म्हणाला. “एवढा जीव का काढतेस?”

“माझ्या हातची माणसं दुसऱ्याच्या क्लचवर?” बाईंनी एवढंच विचारलं. त्यांनी तो विषय तिथंच संपवला आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाठ भरून आली होती. वाकून वाकून कपाळावरचे केस घामानं चिकटले होते.

नानांनी ते बघितलं आणि ते पायरीवरून उठले.

“अगं, तारांना नंबर लावून ठेवू का? अदलाबदल नको व्हायला.”

“लावा,” बाई म्हणाल्या. “तेवढं तुम्हीच करा.”

नानांना नंबर लावायची हौस होती. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. विजेच्या बटणांवर ‘पंखा’, ‘जिना’, ‘हे नाही’ अशा चिठ्ठ्या होत्या. बाळ झालं तेव्हा सूनबाईच म्हणाली होती, नाना, ह्याच्याही पाठीवर एक लावून टाका. त्यांनी कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, एक ते चार आकडे काढले आणि चिकटपट्टीनं एकेका तारेला, कपलरच्या अगदी जवळ, नीट गुंडाळल्या. कॉइल वाळल्यावर बाईंनी त्या बसवल्या, बोल्ट आवळले. कपलर लावायला पुन्हा वाकणार, तेवढ्यात नाना म्हणाले, “तू हो बाजूला. हे लावतो मी. आकडे आहेतच.” एक, दोन, तीन, चार. आपण उपयोगी पडलो म्हणून त्यांना बरं वाटलं.

बाईंनी चावी फिरवली.

तीन ठोके आणि एक गिळलेला.

“संपलं,” मुलगा म्हणाला. “कॉइल जळाली. मी मेकॅनिकला फोन करतो.”

फोन लागायच्या आत फाटक वाजलं. औषधवाले दहा मिनिटं आधीच आले होते. मुलगा आईच्या कानाशी लागला, “बॉनेट लाव पटकन. थोडी रेस देऊन ठेवतो, कळणार नाही त्यांना.”

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं हात मागं घेतला.

“या,” त्या औषधवाल्यांना मोठ्यानं म्हणाल्या. “गाडी मिसिंग करतेय, एक ठोका गिळतेय. पोरानं इंजिन धुतलंय तुमच्यासाठी. बसा दहा मिनिटं, नाहीतर उभं राहून ऐका.”

औषधवाले बावरले, पण उभे राहिले. लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची त्यांना सवयच होती.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला काढला, धडधड. परत लावला. दुसरा सोडून आधी तिसरा काढला, मघाचा मेलेला. गाडी वाकली. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चौथा काढला, धडधड. मग दुसऱ्याला हात घातला.

काहीच झालं नाही.

बाई गाडीच्या पुढच्या कडेवर दोन्ही हात टेकून डोळे मिटून उभ्या राहिल्या. औषधवाल्यांनीसुद्धा नकळत डोळे मिटले.

“तिसरा बरा झालाय,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “मघाशी दुसरा जिवंत होता. पाण्यानं जायचा असता तर मघाशीच गेला असता. म्हणजे ह्याला पाण्यानं नाही मारलेला. आपण मारलाय.”

“आपण म्हणजे कोण?” मुलगा म्हणाला.

बाईंनी चावी बंद केली, पुढं वाकून दुसरा कपलर सोडवला, उलटा केला आणि आत बघितलं. नाना अगदी त्यांच्या खांद्याशी होते, म्हणून त्यांना दिसलं. चिठ्ठीच्या चिकटपट्टीचं एक टोक सुटून कपलरच्या तोंडात गेलं होतं, दुमडून बसलं होतं. त्यामुळं कपलर आत गेल्यासारखा दिसे, पण पूर्ण बसत नव्हता. बाईंनी नखानं ते टोक उपसलं, सगळी चिठ्ठीच ओढून काढली आणि मुठीत चुरगळली. कपलर लावला. टक्.

एवढासा आवाज. दुसरा कपलर आपण लावला तेव्हा तो झाला नव्हता, हे नानांना आत्ता आठवलं. तेवीस वर्षं खिडकीत बसून ऐकलं आणि हाताशी आलं तेव्हा ऐकलं नाही.

बाईंनी गाडी चालू केली.

ठोक्याला ठोका लागून पडला. आरसे स्थिर झाले. पाटी गप्प बसली. बाईंनी पाण्यानं भरलेला पेला इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि त्यातल्या पाण्यावर नुसती शिरशिरी दिसली. हळूहळू रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. आवाज वर गेला तसाच एका रेषेत खाली आला. पिवळा दिवा मिचकावायचा थांबला होता, पण गेला नव्हता, म्हणून त्यांनी गाडी बंद करून बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली आणि परत लावली. दिवाही गेला.

ही बाई आपल्या घरात राहते, आपण हिच्या ताटाशेजारी जेवतो, हे त्यांना एकदम फार मोठं वाटलं.

“बाई, सूत आहे हो इंजिन,” औषधवाले झाकणावर पंजा ठेवून म्हणाले. “आणि डोळ्यांदेखत सगळं उघडून दाखवलंत. मला आणखी काही बघायचं नाही. घेतली मी.”

मुलाचा जीव भांड्यात पडला. पण बोलायला सुरुवात केली की थांबायचं कुठं, हे त्याला विम्याच्या कचेरीत कुणी शिकवलं नव्हतं.

“आई, तो दुसरा कपलर कुणी लावला होता?”

नानांनी तोंड उघडलं.

“मी,” बाई म्हणाल्या.

चुरगळलेली चिठ्ठी त्यांनी पुन्हा मुठीत घेतली होती. दुसऱ्या हातानं त्या फडकं घेऊन कॉइलवरचे डाग पुसत राहिल्या.

“बघ. हेच म्हणतोय मी.” मुलगा आता मऊ बोलू लागला, आणि ते जास्त वाईट होतं. “पहिल्यासारखं राहत नाही ग माणसाचं. हात, नजर. पाच वर्षांपूर्वी तुझ्याकडून असं झालं असतं का? आज अंगणात झालं म्हणून ठीक. उद्या रस्त्यावर, शेजारी शिकाऊ माणूस…”

औषधवाल्यांनी अवघडून फाटकाकडे बघितलं. सूनबाई हळूच म्हणाली, “अहो, पुरे ना.” ज्या बाईनं गाडीवर दुसऱ्यानं काढलेला ओरखडा दाखवून दाखवून तेवीस वर्षं सांगितलं होतं की हा माझा नाही, ती दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन उभी होती. परक्या माणसासमोर, आणि ती चूक तिचं सगळं कामच काढून घ्यायला निघाली असताना. वर नवऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

“चला, आत चला,” मुलगा म्हणाला. “चहा होतोय. नाना, तेवढी सही.”

सगळे आत गेले. सूनबाईनं चहा टाकला. मुलानं दुधाची बाटली उचलून फॉर्म पुढं सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन नानांच्या हातात दिलं आणि बोट ठेवलं, “इथं, आणि मागच्या पानावर.” बाई दाराशीच उभ्या होत्या, हात धुवायलाही गेल्या नव्हत्या.

नानांनी फॉर्म पूर्ण वाचला. दप्तरखान्यातल्या माणसाला वाचल्याशिवाय काही करवत नाही. मग पेनाला टोपण लावलं आणि ते खाली ठेवलं.

“दुसरा कपलर मी लावला होता,” ते म्हणाले. “चिकटपट्टी माझी. आत अडकली होती. हिच्या मुठीत आहे, बघायची असेल तर बघून घे.”

“अहो, राहू द्या ना,” बाई म्हणाल्या.

“राहू कसं देऊ?” नानांचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता इतका वर गेला आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटून खाली आला. “आणि पाठीचंही ऐका. पाठ हिची दुखते, पण गाडी विकावी असं मला वाटत होतं ते पाठीसाठी नाही. मला दुपारी घरात एकट्यानं करमत नाही, म्हणून. ते माझं मी बघीन.”

चहा उतू गेला, तो कुणी उतरवला नाही.

नाना औषधवाल्यांकडे वळले. “तुम्हाला हेलपाटा पडला. माफ करा. चहा घेऊन जा.”

“अहो नाना, पण मी ह्यांना शब्द दिलाय!” मुलगा म्हणाला.

“तू दिलायस. कागद माझ्या नावावर आहेत,” नाना म्हणाले. “गाडी विकायची नाही. उद्या हिच्या तिघांची परीक्षा आहे, म्हणून परवा मी कचेरीत जाऊन गाडी हिच्या नावावर करून घेतोय. यापुढं विकायचं, ठेवायचं, धुवायचं, काय ते तिला विचारायचं.”